पुस्तकाचीही परीक्षा घ्यायला हवी

वही-पेन्सिल घ्या आणि पुढील कृती करून पाहा. कोणतीही चार अंकी संख्या लिहा. अट एवढीच, की तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून एक संख्या तयार करा आणि चढत्या क्रमाने मांडून दुसरी. मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर हीच कृती पुन्हा पुन्हा करा.

उदाहरणार्थ, ३५२४ ही संख्या घेऊ. ५४३२ मधून २३४५ वजा केले, उत्तर ३०८७. आता ८७३० मधून ०३७८ वजा केले, उत्तर ८३५२. पुढे ८५३२ मधून २३५८ वजा केले, उत्तर ६१७४. आणखी एकदा कृती करा. ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४! आता कितीही वेळा केले तरी उत्तर बदलत नाही. नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणितप्रेमी शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ही गंमत शोधून काढली. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. आज ६१७४ ही संख्या जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने ओळखली जाते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तेथे पोहोचता येते.

पण समजा, तुमच्यापैकी एखादीने २१११ ही संख्या घेतली. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. आता ९९९ चे अंक कोणत्याही क्रमाने मांडा, ते ९९९ च राहणार. ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य. ६१७४ कुठे गेले? ती मुलगी आधी आपली वजाबाकी तपासील, मग खोडरबर घेईल, आणि शेवटी बहुधा म्हणेल, “मला गणित जमतच नाही.”

चूक तिची नाही. चूक कृती लिहिणाऱ्याची आहे. उत्तर चार अंकांपेक्षा लहान आले, तर डावीकडे शून्य लिहून चार अंक पुरे करावेत, ही सूचना त्याने दिलीच नाही. ९९९ ऐवजी ०९९९ लिहून पाहा. ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढे ८०८२, मग ८५३२ आणि नंतर ६१७४. लिहिणाऱ्याच्या मनात ते शून्य होते. त्याने उदाहरणात ०३७८ असे लिहिलेसुद्धा. परंतु मनातले कागदावर आले नाही, आणि ते आले नाही हे त्याला कळण्याचा मार्ग एकच होता. कोणीतरी २१११ घेऊन अडखळायला हवे होते आणि त्याला तसे सांगायला हवे होते.

या लेखाचा विषय नेमका हाच आहे. संगणकाची आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सर्रास प्रोग्रॅम म्हणतो, ती लिहायला शिकवणारी मराठी पुस्तकांची एक नवी मालिका नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांसाठी तयार करायची असेल, तर तिचा आराखडा कसा असावा? आणि त्यात तुमचे, म्हणजे वाचकांचे काम काय?

२५६ सेंटांचे बक्षीस

प्रथम जगातील एका नामांकित उदाहरणाकडे वळू. १९६२ साली डोनाल्ड क्नूथ हा २४ वर्षांचा अमेरिकन संशोधक विद्यार्थी होता. एका प्रकाशन संस्थेने त्याला संगणकाविषयी एक पुस्तक लिहायला सांगितले. त्याने १२ प्रकरणांचा आराखडा केला. लिहिता लिहिता मजकूर एवढा वाढला, की हस्तलिखित सुमारे ३००० पानांचे झाले आणि एका पुस्तकाऐवजी खंडांची मालिका काढावी लागली. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या नावाच्या या मालिकेचा पहिला खंड १९६८ साली, दुसरा १९६९ साली आणि तिसरा १९७३ साली निघाला. चौथ्या खंडाचा पहिला भाग यायला २०११ साल उजाडले आणि दुसरा भाग २०२२ साली आला.

या मालिकेचे एक वैशिष्ट्य संगणकाच्या जगात दंतकथेसारखे सांगितले जाते. पुस्तकातील चूक जो वाचक सर्वांत आधी दाखवून देईल त्याला क्नूथ २ डॉलर ५६ सेंट पाठवतात. ही विचित्र रक्कम का? संगणकाच्या कामात १६ हा पाया असलेली षोडशमान पद्धत वापरतात. त्या पद्धतीत १०० असे लिहिले, तर त्याचा अर्थ १६ × १६ म्हणजे २५६ होतो. म्हणून २५६ सेंट हा झाला ‘षोडशमान डॉलर’! अनेकांनी हे धनादेश बँकेत न वटवता चौकटीत घालून भिंतीवर लावले. २००८ सालापासून खऱ्या धनादेशाऐवजी ते एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देऊ लागले. त्याचीही वाचकांना तेवढीच अपूर्वाई वाटते.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही, की एवढ्या विद्वान लेखकालाही आपले पुस्तक निर्दोष आहे असे वाटत नाही. दुसरी गोष्ट मालिकेच्या योजनेची. चौथ्या खंडाचा मजकूर त्यांनी एकदम छापला नाही. २००५ सालापासून तो लहान सुट्या पुस्तिकांच्या रूपाने वाचकांच्या हाती दिला, दुरुस्त्या गोळा केल्या आणि मगच जाड खंड बांधला. आधी पुस्तिका, मग पुस्तक हा क्रम आपण लक्षात ठेवू.

आपल्याकडील प्रयोग

वाचकांना विचारून पुस्तक घडवण्याची पद्धत आपल्या देशालाही नवी नाही. तुमचे बालभारतीचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा आणि प्रस्तावना वाचा. छपाईपूर्वी राज्याच्या निरनिराळ्या भागांतील शिक्षकांकडून आणि तज्ज्ञांकडून मसुदा तपासून घेतल्याचा उल्लेख तेथे बहुधा आढळेल. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेच्या कामाचा हा महत्त्वाचा भाग आहे.

याहून पुढचे पाऊल मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम, जिल्ह्यात पडले. १९७२ साली तेथील १६ माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम सुरू झाला. ‘बाल वैज्ञानिक’ ही त्याची पुस्तके. शिक्षक प्रकरण वर्गात शिकवीत, नियमित बैठकांत आपल्या अडचणी सांगत, आणि प्रकरणे पुन्हा लिहिली जात. मुलांना आपले प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीला पत्राने विचारता येत आणि त्यांना उत्तरेही मिळत. १९८२ सालापासून ‘एकलव्य’ या संस्थेने हे काम सांभाळले. २००२ साली शासकीय शाळांतील हा उपक्रम बंद झाला. तरी मुलांच्या हातून तपासून घेतलेले पुस्तक कसे असते, याचा तो वस्तुपाठ ठरला.

संगणकाच्या बाबतीत महाराष्ट्रातील उदाहरण मुंबईच्या आयआयटीचे आहे. तेथील प्राध्यापक श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली शालेय संगणक-शिक्षणाचा एक आदर्श अभ्यासक्रम मांडला. त्यावर ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही इयत्तावार पुस्तकांची मालिका तयार झाली. तेजस आणि ज्योती ही दोन मुले आणि मोझ नावाचा उंदीर यांच्या संवादांतून तीत विषय उलगडतो. बटणे कोणती दाबावीत यापेक्षा विचार कसा करावा यावर तिचा भर आहे. ही पुस्तके मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाली, म्हणजे इतरांना ती वापरण्याची मुभा राहिली.

त्याच आयआयटीत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरिअल’ हा उपक्रम उभा केला. संगणकाची एकेक गोष्ट सुमारे दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफितीतून त्यात शिकवली जाते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत या फिती आहेत. त्यांच्या कामाच्या पद्धतीत एक सुंदर पायरी आहे. लिहिलेली संहिता तज्ज्ञाने तपासायची असतेच, परंतु तो विषय अजिबात ठाऊक नसलेल्या नवशिक्यानेही ती वापरून पाहायची असते. तज्ज्ञाला विषयातील चूक दिसते. गाळलेली पायरी त्याला दिसत नाही, कारण ती तो मनातल्या मनात ओलांडून जातो. ती दिसते नवशिक्यालाच.

नुसते भाषांतर का पुरत नाही?

आता नांदेड-लातूरकडे येऊ. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. नांदेडला १९८१ साली स्थापन झालेली श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. लातूरचे नाव तर परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रभर घेतले जाते. म्हणजे या भागात शिकण्याची हौस कमी नाही. तरीही मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा प्रोग्रॅमिंगचे पहिले पुस्तक हाती घेतो तेव्हा ते बहुधा इंग्रजीत असते, आणि त्यातील उदाहरणे त्याच्या जगातली नसतात. विषयाची अडचण कोणती आणि भाषेची कोणती, हे त्याला वेगळे करता येत नाही. दोन्हींचा दोष तो स्वतःलाच देतो.

मग एखादे चांगले इंग्रजी पुस्तक जसेच्या तसे मराठीत आणले तर? ते का पुरणार नाही, हे दोन गावांच्या नावांवरूनच पाहू.

पायथन ही आज शिकवली जाणारी लोकप्रिय संगणकभाषा आहे. शब्दात किती अक्षरे आहेत हे मोजण्याची एक सोपी आज्ञा तीत आहे. ‘लातूर’ या शब्दात अक्षरे किती? तुम्ही म्हणाल तीन: ला, तू, र. संगणक म्हणतो पाच! ‘नांदेड’ मध्ये तुम्ही नां, दे, ड अशी तीन अक्षरे मोजाल. संगणक सांगतो सहा. याचे कारण युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत दडले आहे. तीत प्रत्येक व्यंजनाला जसा एक क्रमांक दिलेला असतो, तसाच प्रत्येक काना, मात्रा, उकार आणि अनुस्वार यांनाही स्वतंत्र क्रमांक असतो. म्हणून लातूर म्हणजे ल, काना, त, ऊकार, र असे पाच घटक. आणि नांदेड म्हणजे न, काना, अनुस्वार, द, मात्रा, ड असे सहा.

इंग्रजी पुस्तकांत एक ठरावीक स्वाध्याय असतो: आपले नाव उलटे छापणारी आज्ञावली लिहा. इंग्रजी नावांना तो सरळ लागू पडतो. मराठीत ‘लातूर’ उलटे केले तर आपल्याला ‘रतूला’ हवे असते. संगणक मात्र पाच घटक उलट क्रमाने मांडतो आणि उत्तर येते ‘रूताल’. त चा ऊकार र ला जाऊन चिकटला! ‘नांदेड’ ची गत याहून वाईट. त्यातला काना अनुस्वारानंतर येऊन पडतो आणि त्याला धड कोणतेच अक्षर मिळत नाही. नुसते भाषांतर केलेल्या पुस्तकात हा स्वाध्याय तसाच राहिला, तर विद्यार्थ्याची आज्ञावली बरोबर असूनही उत्तर चुकेल. उलट, जाणत्या लेखकाच्या हाती हीच अडचण एका उत्तम प्रकरणाचे बीज ठरेल.

आकड्यांचीही अशीच गंमत आहे. पायथनच्या आज्ञावलीत तुम्ही स्वतः १२ ही संख्या देवनागरी आकड्यांत लिहिली, तर ती भाषा चूक दाखवते. परंतु आज्ञावली चालू असताना कोणी कळफलकावरून देवनागरी १२ टंकित केले आणि त्याचे संख्येत रूपांतर करायला सांगितले, तर ते काम ती बिनतक्रार करते. इंग्रजी आकडे वापरण्याची सवय असलेल्या लेखकाला हा फरक जन्मात आढळणार नाही. मराठी माध्यमातल्या मुलाला मात्र तो पहिल्याच दिवशी आढळेल.

तिसरी अडचण शब्दांची. ‘व्हेरिएबल’ ला मराठीत ‘चल’ म्हणतात. हा शब्द तुम्हाला बीजगणितातून माहीत आहे, आणि म्हणूनच तो फसवतो. बीजगणितात ‘क = क + १’ असे लिहिले तर ते अशक्य समीकरण होते, कारण दोन्ही बाजूंचा क काढून टाकला की ० = १ उरते. आज्ञावलीत मात्र हे वाक्य रोजचे आहे. तेथे ‘=’ या चिन्हाचा अर्थ ‘बरोबर’ असा नसून ‘उजवीकडचे मूल्य डावीकडच्या डब्यात ठेव’ असा आहे. क नावाच्या डब्यात ५ होते, आता ६ ठेवले, इतकेच. आठवीच्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहून स्वस्थ उभे राहावे. मुलांचे चेहरेच सांगतील की येथे एक पान जास्तीचे हवे.

मालिकेचा आराखडा

या साऱ्याचा विचार करून पाच लहान पुस्तिकांची एक मालिका कल्पिता येईल.

पहिली पुस्तिका संगणकाशिवायची. सगळ्याच शाळांत पुरेसे संगणक नसतात, आणि असले तरी वीज असेलच असे नाही. रीत, क्रम, अट आणि पुनरावृत्ती या चार कल्पना वही, पत्ते आणि खडू यांनी शिकवता येतात. कापरेकरांची कृती येथेच येईल. दुसरी पुस्तिका रंगीत ठोकळे जोडून आज्ञावली बनवण्याची. २००७ साली सर्वांसाठी खुले झालेले ‘स्क्रॅच’ हे साधन त्यासाठी सोयीचे आहे. तिसरीत पायथनची ओळख. चौथी पूर्णपणे देवनागरी मजकुरावर: अक्षरे मोजणे, शब्द उलटे करणे, हजेरीपटातील नावे अकारविल्हे लावणे. पाचवीत आपल्या परिसरातील आकडे: शाळेच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी, आडत बाजारातील सोयाबीन-तुरीचे भाव, घरचे वीजबिल.

उदाहरणे परिसरातील असावीत ती काही शोभेसाठी नव्हेत. एक नमुना पाहा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून, सुमारे ३४० किलोमीटरवरून, रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी आलेल्या पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि पाणी होते सुमारे ५ लाख लिटर, म्हणजे दर वाघिणीत ५० हजार लिटर. पुढे ५० वाघिणींच्या गाड्या आल्या. आता समजा, एका साठवण टाकीत २२ लाख २० हजार लिटर पाणी मावते. ‘टाकी भरेपर्यंत एकेक वाघीण रिकामी करा’ अशी आज्ञावली लिहिली तर काय होईल? ४४ वाघिणींनंतर टाकीत २२ लाख लिटर झाले. टाकी भरलेली नाही, म्हणून आज्ञावली ४५ वी वाघीणही पूर्ण ओतते, आणि ३० हजार लिटर पाणी सांडते! ओतण्यापूर्वी ‘टाकीत जागा किती उरली?’ ही अट तपासायला हवी होती. अट पुनरावृत्तीच्या आधी तपासायची की नंतर, हा धडा पुष्कळ पुस्तकांत रुक्षपणे दिलेला असतो. परंतु ज्याच्या घरी त्या उन्हाळ्यात घागरी मोजून पाणी भरले, त्याला ते सांडलेले ३० हजार लिटर विसरता येणार नाही.

अभिप्राय कसा घ्यावा?

‘पुस्तक छान आहे’ या अभिप्रायाने लेखक सुखावतो, पुस्तक सुधारत नाही. उपयोगी अभिप्राय चार प्रश्नांची उत्तरे देतो. कोणत्या पानावर, कोणत्या ओळीवर थांबलात? तुम्ही नेमके काय केले? काय होईल असे वाटले होते? आणि प्रत्यक्षात काय झाले? संगणक-तंत्रज्ञ आज्ञावलीतील दोष याच पद्धतीने नोंदवतात. पुस्तकासाठीही तीच उत्तम.

आता प्रश्न असा, की मसुदा किती जणांकडून तपासून घ्यावा? येथे थोडे गणित कामाला येते. समजा, एक दोष असा आहे की सरासरी तीन वाचकांतील एक जण त्यावर अडखळतो. एक वाचक न अडखळता पुढे जाण्याची शक्यता २/३. पाचही वाचक तसेच पुढे जाण्याची शक्यता २/३ चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे ३२/२४३, सुमारे १३ टक्के. म्हणून पाच वाचकांत हा दोष उघडकीस येण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के झाली! परंतु दहांतील एकालाच अडवणारा दोष असेल, तर पाच वाचकांत तो सापडण्याची शक्यता अवघी ४१ टक्के भरते. २० वाचक घेतले तर ती ८८ टक्क्यांवर जाते.

यावरून योजना ठरते. पहिला मसुदा एकदम शंभर जणांना देऊ नये. पाच जणांना द्यावा, ठळक दोष काढावेत, सुधारलेला मसुदा नव्या पाच जणांना द्यावा, आणि असे चार फेरे करावेत. तेच वाचक पुन्हा घेण्यात अर्थ नाही, कारण कुठे काय आहे ते त्यांना आता ठाऊक झालेले असते.

पण एक सावधगिरी हवी. वरचे गणित वाचक निरनिराळे आहेत असे धरून चालते. लातूर शहरातील एकाच शिकवणीतील पाच हुशार मुले निवडली, तर ती एकाच ठिकाणी अडखळतील आणि एकाच ठिकाणी तरून जातील. म्हणून एक वाचक किनवटचा हवा, जेथे काही मुलांच्या घरी गोंडी किंवा कोलामी बोलतात. एक देगलूरचा हवा, जेथे तेलुगू आणि कन्नड कानावर पडते. एखादी उदगीरची उर्दू बोलणारी मुलगी, एखाद्या तांड्यावरचा बंजारा बोलणारा मुलगा आणि ज्याने कळफलकाला कधी हातच लावला नाही असा एखादा निलंग्याकडचा विद्यार्थी हवा. हे सारे जेथे अडखळणार नाहीत, ते पान छपाईला तयार झाले असे समजावे.

शिक्षकांसाठी एक सूचना. मूल मसुदा वाचत असताना शेजारी बसावे, पण बोलू नये. ते अडले की आपल्याला सांगण्याचा मोह होतो, आणि सांगितले की पुस्तकाचा दोष झाकला जातो. छापलेल्या पुस्तकाबरोबर तुम्ही घरोघर जाणार नाही. ते पुस्तक एकट्यानेच मुलाशी बोलणार आहे. आपण फक्त पान, ओळ आणि किती वेळ थांबले ते टिपावे.

आणि प्रत्येक सूचना मानलीच पाहिजे असे नाही. काही वाचक म्हणतील, “ते ०९९९ चे प्रकरण कठीण आहे, गाळून टाका.” परंतु संख्या वेगळी आणि ती लिहिण्याची अंकमाला वेगळी, ही महत्त्वाची कल्पना तेथेच तर आहे. कुठे दुखते ते रोग्यानेच सांगावे, औषध मात्र वैद्याने ठरवावे. तसेच येथेही आहे. वाचकाने अडल्याची जागा सांगितली की ती गाळायची, की तेथे आणखी एक उदाहरण घालायचे, हे लेखकाने विचारपूर्वक ठरवावे. मात्र प्रत्येक नोंदीचे काय केले, हे ती करणाऱ्याला कळवायला विसरू नये. उत्तर न आलेल्या माणसाने दुसरे पत्र पाठवल्याचे उदाहरण विरळा.

यात तुमचे काय?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच्या टप्प्यात कोडिंगची ओळख करून देण्याचे ठरवले आहे. २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकीची पदवी घेण्याचा मार्गही काही महाविद्यालयांत खुला झाला. मराठीत अशा पुस्तकांची गरज वाढतच जाणार. ती पुस्तके कोणीतरी लिहीलच. ती बरी होतात की वाईट, हे काही अंशी तुमच्यावर अवलंबून राहील.

लातूरला विद्यार्थ्यांच्या पुन्हा पुन्हा परीक्षा घेऊन त्यांच्या चुका काढण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. ती पद्धत एकदा पुस्तकालाही लावून पाहू या. शाळेत पाच जणांचा एक गट करा. संगणकाच्या, गणिताच्या किंवा विज्ञानाच्या पुस्तकातील एक प्रकरण घ्या. शिक्षकांना शेजारी बसू द्या, पण विचारू नका. छापलेली प्रत्येक कृती शब्दशः करा, एकही पायरी मनाने भरू नका. जेथे अडाल तेथे पान, ओळ आणि वरील चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा. पाचही वह्या एकत्र आणा. एकच जागा तिघांच्या वहीत आली, तर ती जागा पक्की समजा आणि लेखकाला किंवा प्रकाशकाला पत्राने कळवा. सुरुवात करायची तर या लेखातील आकडेमोडीपासूनच करा.

आणि यापुढे एखादे पुस्तक समजले नाही, तर “मला जमत नाही” असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा. २१११ घेणारी ती मुलगी आठवा. तिची वजाबाकी बरोबर होती.